कोठी भरली, पण कुठे?

श्रावणातला पहिला शुक्रवार उजाडायला एक रात्र उरली होती. नाशिकच्या त्या घरात यंदा सणवार नव्हते. माईंना जाऊन अजून वर्ष व्हायचे होते. पुरण नको, सवाष्ण नको, जिवतीच्या कागदाला नुसते हळदकुंकू वाहायचे, असे आधीच ठरले होते. नानांनी मात्र एक गोष्ट मागितली होती. ‘‘शुक्रवारची कहाणी तिच्याच आवाजात ऐकू या.’’

गेल्या श्रावणात माई अंथरुणाला खिळल्या होत्या. तरीही दर शुक्रवारी उशीला टेकून बसत त्यांनी कहाणी सांगितली होती आणि नातीने ती मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली होती. चार शुक्रवारांची चार रेकॉर्डिंग. कार्तिकात माई गेल्या. पुढे तो मोबाइलही बिघडला आणि बदलला. पण कोणी काळजी केली नाही, कारण घरात ‘कोठी’ होती.

कोठी म्हणजे शब्दकोशाएवढी एक काळी पेटी. चार वर्षांपूर्वी धाकटा मुलगा नोकरीसाठी टोरांटोला निघाला, तेव्हा जाण्याआधी त्याने ती हॉलमधल्या शोकेसवर आणून ठेवली होती. तिच्यात ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. राउटरला एक वायर जोडली, की घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे आपोआप तिच्यात जाऊन पडायची. इंग्रजीतले तिचे लांबलचक नाव कोणाच्या तोंडी बसेना. नानांनी पहिल्याच दिवशी बारसे केले, ‘‘ही आपली कोठी!’’

गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाक आटोपून सूनबाईंनी कोठी उघडायला घेतली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर निरोप आला. यंत्रणेची जागा पूर्ण भरल्यामुळे प्रवेश देता येत नाही. पेटी बंद करून पुन्हा सुरू करा. त्यांनी तसे केले. पुन्हा तोच निरोप! टीव्हीवरही कोठी दिसेना. नेहमी हिरवा असणारा दिवा नारिंगी रंगात लुकलुकत होता.

‘‘आई, आठवडाभर मेसेज येत होता, जागा कमी आहे म्हणून,’’ नात म्हणाली. ‘‘मी जुन्या मालिका, सिनेमे सगळे काढून टाकले. दोनशे जीबी तरी असतील. तरी मेसेज काही थांबेना.’’

गंमत अशी की कोठी भरलेली नव्हतीच. निम्मीसुद्धा नाही. जेमतेम एक तृतीयांश. मग भरले होते ते काय?

‘फॉरमॅट मारून देतो’

थोरला मुलगा नेमका फिरतीवर होता. सूनबाईंनी कोपऱ्यावरच्या संगणक दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे उत्तर तयार होते. ‘‘ताई, घेऊन या. फॉरमॅट मारून देतो. नव्यासारखी चालेल.’’

चालली असती, यात शंका नाही. पण नव्या कोठीत जुने धान्य कुठून येणार?

इकडे नानांना पेटीच्या मागे सुईच्या टोकाएवढे एक भोक सापडले होते. त्याखाली ‘रीसेट’ असे लिहिलेले. त्यांच्या हातात टाचणीही होती. सूनबाईंनी ती अलगद काढून घेतली, हे बरे झाले. हे बटण दाबल्यावर काय होते, हे यंत्रागणिक वेगळे असते. काही पेट्यांत फक्त पासवर्ड पुसला जातो, तर काहींत सगळेच. माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय त्या भोकात टाचणी घालू नये.

रात्री साडेनऊला टोरांटोत दुपारचे बारा वाजतात. धाकट्याची जेवणाची सुट्टी झाली आणि त्याचा फोन आला.

‘‘वहिनी, काहीही पुसू नका, कोणाला पुसू देऊ नका,’’ त्याने आधी बजावले. मग त्याने उलगडा केला.

अशी पेटी म्हणजे एक छोटा संगणकच असतो. बहुतेकींच्या पोटात लिनक्स चालते. हार्ड डिस्क बसवली की पेटी तिचे भाग पाडते. मोठा भाग आपल्या सामानासाठी आणि एक लहानसा भाग तिच्या स्वतःच्या कामासाठी. या पेटीत तो लहान भाग होता अवघा २.४ जीबीचा. कोण आले, कोण गेले, काय बिघडले याच्या नोंदी पेटी तिथेच लिहिते. आपण पासवर्ड दिला की त्या प्रवेशाची तात्पुरती चिठ्ठीही तिथेच ठेवते. तिथे चिठ्ठीपुरतीही जागा उरली नाही, की ती दार उघडत नाही.

‘‘असं समजा वहिनी, घरातल्या खोल्या रिकाम्या आहेत, पण स्वयंपाकाच्या ओट्यावर भांड्यांचा ढीग पडलाय. पोळी लाटायला जागा नाही. तुम्ही माळा कितीही रिकामा केलात, तरी ओटा मोकळा व्हायचा नाही.’’

नातीच्या मालिका का वाया गेल्या, ते आता कळले. तिने माळा आवरला होता!

नाना मात्र गप्प बसून होते. त्यांचा चेहरा पाहून धाकट्याने सूर बदलला. ‘‘नाना, हे मंगळावरसुद्धा झालं होतं बरं का.’’ आणि ते खरेच आहे. २००४ च्या जानेवारीत नासाची ‘स्पिरिट’ ही गाडी मंगळावर उतरली आणि तिथल्या अठराव्या दिवशी तिने पृथ्वीशी बोलणे टाकले. पुन:पुन्हा बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची. शोध घेता कारण निघाले ते साठवणुकीचे. तिच्यात फाइलींची संख्या इतकी वाढली होती, की त्यांचा हिशेब सांभाळायला स्मृतीत जागा पुरेना. यातल्या कितीतरी फाइली पृथ्वीवरून मंगळाकडे जातानाच्या प्रवासातल्या होत्या. शास्त्रज्ञांनी ती साठवणूक बाजूला ठेवून गाडी सुरू करायला लावली, जुन्या फाइली काढल्या आणि ती ताळ्यावर आली. तीन महिन्यांसाठी पाठवलेली ती गाडी पुढे २०१० सालापर्यंत पृथ्वीशी बोलत राहिली.

‘‘मंगळावर कोणाला जाता आलं नाही, तरी दुरुस्त झाली. ही तर शोकेसवर आहे,’’ धाकटा म्हणाला. नाना किंचित हसले.

हिशेब जुळेना

धाकट्याने जाताना एक मागचे दार उघडे ठेवले होते. त्याला एसएसएच म्हणतात. यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची आणि उत्तर वाचायचे. सूनबाई शाळेत गणित शिकवतात. काळा फळा त्यांना परका नव्हता. धाकटा एकेक अक्षर सांगत गेला, त्या लिहीत गेल्या.

पहिली आज्ञा ‘डीएफ’. कोणता भाग किती भरला ते ही सांगते. मोठा भाग ३४ टक्के. लहान भाग १०० टक्के. निदान पक्के झाले.

पण पुढे जाण्याआधी धाकट्याने त्यांना मोठ्या भागात डोकवायला लावले. ‘महत्त्वाचे’ नावाचा फोल्डर होता, त्यात माईंची चारही रेकॉर्डिंग होती. सूनबाईंनी नावे मोठ्याने वाचून दाखवली. नानांनी डोळे मिटून घेतले.

‘‘आता याची आधी बाहेरच्या डिस्कवर एक प्रत काढायची. मग बाकीचं,’’ धाकटा म्हणाला. ‘‘ती यूएसबी डिस्क जोडलेली आहे ना?’’

‘‘आहे,’’ नाना घाईने म्हणाले.

प्रत निघाली. दोन मिनिटांचे काम. पण त्या दोन मिनिटांनंतर चूक झाली असती, तरी माईंचा आवाज गेला नसता. दुरुस्तीतला हा सगळ्यात मोलाचा टप्पा होता.

आता दुसरी आज्ञा, ‘डीयू’. कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली, ते ही मोजते. मोजणी लहान भागातच राहावी, मोठ्या भागात शिरू नये, अशी खूणही आज्ञेत घालावी लागते, नाहीतर आकडे भलतेच फुगतात. अशा वेळी बहुधा जे सापडते ते ठरलेले असते. वाढत गेलेली एखादी नोंदवही, अर्धवट फसलेल्या अपडेटचा पसारा, किंवा एखादा प्रोग्रॅम कोसळताना मागे टाकून गेलेली अगडबंब फाइल.

इथे यातले काहीच नव्हते. सूनबाईंनी फोल्डरांची बेरीज केली, ती आली १.३ जीबी.

‘‘भाऊजी, पहिली आज्ञा म्हणते २.४ संपले. दुसरी म्हणते १.३ वापरले. मग ११०० एमबी गेले कुठे?’’

धाकटाही चक्रावला. कधीकधी पुसलेली फाइल एखाद्या प्रोग्रॅमने उघडी धरून ठेवलेली असते. ती यादीत दिसत नाही, पण जागा अडवून बसते. मात्र पेटी बंद करून सुरू केली की ती सुटते आणि इथे तर तीनदा बंद-चालू करून झाले होते.

सहज म्हणून त्याने बाहेरच्या डिस्कवर सगळ्यात ताजे काय आहे, ते पाहायला सांगितले. आत्ता काढलेली प्रत वगळता शेवटची तारीख निघाली गेल्या वर्षीच्या जुलैची. तेरा महिन्यांपूर्वीची!

खरे तर रोज रात्री दोन वाजता ‘महत्त्वाचे’ या फोल्डरात नवे आलेले सारे त्या डिस्कवर उतरवून ठेवायचे, असे काम धाकट्याने पेटीला लावून दिले होते. घरातले सगळे त्याच भरवशावर निश्चिंत होते.

क्षणभर कोणी बोलले नाही. मग धाकट्याने लहानपणापासून ऐकलेला एक प्रश्न विचारला. नानांची सारी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. लाइन बंद पडली की ते आधी तार तपासत नसत, माणसाला विचारत. तोच प्रश्न आता टोरांटोहून आला.

‘‘नाना, शेवटी हात कोणी लावला?’’

कपाटातली डिस्क

‘‘मीच,’’ नाना म्हणाले.

गेल्या आषाढात माईंची कॉट हॉलमध्ये आणली होती. रात्री त्यांना झोप लागत नसे. त्या बाहेरच्या डिस्कचा निळा दिवा नेमका त्यांच्या डोळ्यांवर यायचा आणि रात्री दोनला तिची घरघर सुरू व्हायची. एका रात्री नानांनी ती काढली आणि कपाटात ठेवून दिली. पुढे जे दिवस आले, त्यात डिस्कची आठवण कोणाला राहणार? आज संध्याकाळी कोठी उघडेना, तेव्हा त्यांना ती आठवली आणि कोणाला न सांगता त्यांनी ती पुन्हा जागेवर लावून टाकली.

‘‘आपल्यामुळेच बिघडलं की काय, असं वाटलं रे. म्हणून बोललो नाही.’’

धाकटा मात्र एकदम उत्साहात आला. ‘‘नाना, तुम्ही आता जे सांगितलंत ना, त्यातच उत्तर आहे!’’

झाले होते ते असे. लिनक्समध्ये बाहेरची डिस्क जोडली की ती एखाद्या रिकाम्या फोल्डरच्या जागी येऊन बसते. त्या फोल्डरात टाकलेले सामान डिस्कवर जाते. डिस्क काढली तर ते नाव उरते, किंवा कोणीतरी ते पुन्हा तयार करते. पण आता तो पेटीच्या लहान भागातलाच एक साधा फोल्डर असतो. धाकट्याने आपल्या आज्ञेत मोठ्या हुशारीने लिहून ठेवले होते, ‘फोल्डर नसेल तर तयार कर.’ पेटीने तेरा महिने इमानेइतबारे तेच केले. डिस्क नाही, हरकत नाही. त्याच नावाचा फोल्डर बनवला आणि रोज रात्री दोनला तिथे प्रती ठेवत गेली. म्हणजे आपल्याच ओट्यावर!

मग आज ते सामान दिसले का नाही? कारण नानांनी डिस्क पुन्हा जोडली होती. कोनाड्यात सामान भरले आणि त्याच्यासमोर कपाट आणून उभे केले, तसे झाले. पहिली आज्ञा कोनाडा भरलाय म्हणत होती. दुसरीला कपाटामागचे काही दिसत नव्हते. दोघी खरेच बोलत होत्या.

डिस्क रीतसर बंद करून काढली आणि मोजणी पुन्हा केली. ११०० एमबी समोर हजर! हिशेब जुळला.

आता फक्त पुसायचे राहिले होते. पण गणिताच्या बाई पडताळा पाहिल्याशिवाय उत्तराखाली रेघ ओढत नाहीत. मूळ फोल्डर आणि या प्रती ताडून पाहणारी आज्ञा धाकट्याने सांगितली. सगळ्या फाइली जुळल्या. शेवटची एकच अर्धवट होती. तिची प्रत होत असतानाच जागा संपली होती. तिचे मूळ मात्र शाबूत होते.

ताडून पाहताना पडद्यावरून नावे सरकत होती. ती वाचता वाचता सूनबाई थबकल्या. सातशेच्या वर फाइली होत्या आणि जवळजवळ सगळ्या नानांच्या. नावे म्हणजे नुसत्या तारखा. १९७५, १९७६, १९७७. नाना बदलीच्या गावी असताना माईंनी लिहिलेली पत्रे.

दुपारी घर रिकामे असते. सूनबाई शाळेत, नात शाळेत, मुलगा कामावर. त्या वेळात नाना रोज दोन-तीन पत्रे प्रिंटरच्या काचेवर ठेवत आणि त्यांची छायाचित्रे काढून कोठीत टाकत. कार्तिकापासून आजपर्यंत, एक दुपार न चुकता. घरात कोणाला याचा पत्ता नव्हता. संध्याकाळी ‘‘नाना, दिवसभर काय केलंत?’’ असे विचारले, तर ‘‘काही नाही, पडलो होतो,’’ एवढेच उत्तर मिळायचे आणि तेवढ्यावर सगळ्यांचे समाधान व्हायचे.

कोठीची ती इवलीशी जागा भरली होती, ती या पत्रांनी.

सूनबाईंनी त्याबद्दल फोनवर एक शब्द काढला नाही. त्यांनी प्रती पुसल्या, पेटी पुन्हा सुरू केली. चार मिनिटांनी नारिंगी दिवा हिरवा झाला. रात्रीचे पावणेबारा वाजले होते.

आपल्या घरी अशी पेटी असेल तर

धाकट्याने त्याच रात्री आपली आज्ञा बदलली. आता पेटी आधी डिस्क खरोखर जोडलेली आहे का ते पाहते. नसेल तर काहीही न लिहिता घरातल्या तिघांच्या मोबाइलवर तसा निरोप पाठवते.

अशा पेट्या आता पुष्कळ घरांत आहेत आणि त्यांच्याबद्दल एक गैरसमजही आहे. आत दोन डिस्क आहेत, म्हणजे दोन प्रती आहेत, असे लोक धरून चालतात. अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या या पद्धतीला रेड हे नाव पडले, ते अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ मधील निबंधामुळे. त्यातला घरगुती प्रकार आरशासारखा आहे. एक डिस्क बिघडली तर दुसरी काम चालवते. पण आरशासमोर फुलदाणी फुटली, तर आरशातलीही फुटतेच. चुकून पुसलेले दोन्हीकडून पुसले जाते. म्हणून वेगळी प्रत हवीच. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे. प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर.

पेटी ‘जागा नाही’ म्हणाली, तर कोणती जागा ते आधी पाहावे. सिनेमे पुसून लहान भाग मोकळा होत नाही. ओळखीची नसलेली फाइल केवळ मोठी आहे म्हणून काढू नये. पेटीचे स्वतःचे काम कदाचित तिच्यावरच चालत असेल. इशारे आठवडाभर साचू देऊ नयेत. आणि महिन्यातून एकदा तरी बाहेरच्या डिस्कवरची एखादी ताजी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. प्रत निघते आहे, हा समज आणि प्रत निघाली आहे, ही खात्री, यांत या घरात तेरा महिन्यांचे अंतर पडले होते.

तसे पाहिले तर यात कोणाची चूक म्हणावी? नानांनी डिस्क काढली ती माईंना झोप लागावी म्हणून. धाकट्याने ती ओळ लिहिली ती काम अडू नये म्हणून. सूनबाईंनी इशाऱ्यांकडे पाहिले नाही, कारण घरात त्याहून निकडीची शंभर कामे होती. प्रत्येकाचे बरोबरच होते. फक्त एकाचे दुसऱ्याला माहीत नव्हते.

शुक्रवारी सकाळी जिवतीच्या कागदाला हळदकुंकू वाहिले. नातीने शोकेसजवळच्या स्पीकरचे बटण दाबले. आधी थोडी खरखर, मग कुकरची एक शिट्टी, मग खोकला आणि मग माईंचा आवाज. मधेच त्यांनी नातीला दटावले, ‘‘नीट बस गं, पाय दुमडून.’’ आणि पाटावर बसलेल्या नातीने खरोखरच पाय दुमडले.

कहाणी संपली. कोणी उठले नाही. थोड्या वेळाने सूनबाई म्हणाल्या, ‘‘नाना, आज मला दुपारची सुट्टी आहे. ती पत्रं काचेवर ठेवायला मी मदत करू?’’

नानांनी त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाले, ‘‘१९७८ ची राहिलीत. तिचं अक्षर तेव्हा फार बारीक होतं. चष्मा घेऊन बस.’’